जित्या जनावराची नोकरी

बोरगव्हाणच्या कोंडवाड्यात पिराजीनं चौदा वर्षं नोकरी केली. त्या चौदा वर्षांत गावात एकाही माणसाशी त्याचा धड सलोखा राहिला नाही, म्हणजे नोकरी तो चोख करत होता. कोंडवाड्याची नोकरी म्हणजे दोन्हीकडून शिव्या. ज्याचं पीक खाल्लं तो म्हणणार, एवढ्यात सोडलंस कसं? ज्याचं ढोर अडकलं तो म्हणणार, मुळात धरलंसच का? पिराजी दोघांचं ऐकून घ्यायचा आणि तिसरी शिवी ढोराला द्यायचा. "तुझ्यापायी ऐकून घ्यावं लागतंय, भाड्या!"

त्याची एक रीत होती. कायद्याप्रमाणं जनावर कोंडलं की मालकानं यायचं, दंड भरायचा, पावती घ्यायची आणि जनावर न्यायचं. पण मालक येईपर्यंत वाट बघायला पिराजीला धीर कुठला? दिवस कलला की तो कोंडवाड्याच्या भिंतीवर चढायचा आणि गावभर ऐकू जाईल अशी हाळी द्यायचा, "ए हणमंतप्पाऽ! तुझी तांबडी गाय दुसऱ्याच्या हरभऱ्यात सापडलीया! जनाची न्हाय तर मनाची तरी लाज धर!" दंडापेक्षा ही हाळी जास्त झोंबायची. मालक धोतर सावरत पळत यायचा, आणि एकदा असं नाव निघालं की त्याचं ढोर वर्षभर दावं सोडत नसे. पंचायतीच्या वहीत दंड फारसा जमत नव्हता, पण गावातली पिकं राखली जात होती. कोंडवाडा त्यासाठीच असतो असं पिराजीला वाटायचं. बिचारा फार शिकलेला नव्हता.

नोकरी धरताना मात्र त्यानं एक अट घातली होती. छप्पन साली वस्तीनं बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला, आणि गावची मेलेली ढोरं ओढणं त्या दिवसापासून बंद केलं. त्याआधी पिराजीनं बापाबरोबर कितीतरी ओढली होती. कुणाच्या गोठ्यात बैल मेला की भाकरीवरून उठून जायचं, दिवसभर ओढायचं, आणि परत येताना रस्त्याच्या कडेनं, अंग चोरून यायचं. ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. म्हणून अठ्ठावन्न साली कोंडवाड्याची जागा निघाली तेव्हा तो ग्रामसभेत उभा राहून म्हणाला, "जित्या जनावराची लागंल ती सेवा करीन. मेलेल्याला हात लावणार न्हाय. कबूल आसंल तर द्या." तेव्हाचे सरपंच हसले. "आरं, कोंडवाड्यात ढोर कशाला मरतंय? त्यो काय दवाखाना हाय?" सगळी सभा हसली आणि अट मान्य झाली. कागदावर मात्र ती कुणी लिहिली नाही. 

तेव्हापासून कुणी विचारलं की पिराजीची बायको बनाबाई ताठ मानेनं सांगायची, "आमच्या मालकांची जित्या जनावराची नोकरी हाय."

एकाहत्तरला पाऊस रुसला आणि बहात्तरला त्यानं बोलणंच टाकलं. ज्वारी पोटऱ्यात येण्याआधीच जळाली. विहिरींचा तळ दिसला, आडाला शेवटी चिखल लागला. अर्धं गाव येडशीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागलं. आता रानात पीकच नाही म्हटल्यावर ढोर शिरणार तरी कशात? कोंडवाडा रिकामा पडला. पिराजी फाटकापाशी बसून दावी वळायचा.

रिकामा कोंडवाडा बघून कुणालाही वाटेल की बरं झालं, कटकट मिटली. पण आबारावांना तसं वाटलं नाही. आबाराव हे नव्या सरपंचांचे साडू. त्यांना आयुष्यात एकच व्हायचं होतं, चेअरमन. दिवसच तसे होते. ज्याच्या दारावर सहकारी संस्थेची पाटी नाही त्याला सोयरीक मिळेना. आबारावांनी साखर कारखान्याला उभं राहून बघितलं, पडले. दूध संघाला उभे राहिले, पडले. सोसायटीत तर डिपॉझिटसुद्धा वाचलं नाही. मग त्यांनी शोधलं, की गावात अजून कशाची संस्था झालेली नाही? आणि एके दिवशी त्यांची नजर कोंडवाड्यावर पडली.

ग्रामसभेत आबाराव उठले. "मंडळी, कोंडवाडा तोट्यात हाय. नोकराचा पगार चालू आन उत्पन्न शून्य! आसं किती दिवस चालायचं? पंचायतीचं काम म्हंजी कुणाचंच काम न्हाय. ते सहकारात आणलं की बघा कसा फायदा दिसतो." कोंडवाड्यानं फायदा करायचा असतो हे गावानं पहिल्यांदाच ऐकलं. फायद्यात चालायचा तर गावाची ढोरं दुसऱ्याच्या पिकात घुसली पाहिजेत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल तर बोललं नाही. एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, "संस्थेचे सभासद कोण?"

"आमी सात जण," आबाराव म्हणाले.

"आन बाकीचं गाव?"

"बाकीच्यांची जनावरं हायती की!"

टाळ्या पडल्या. ठराव पास झाला. ‘बोरगव्हाण कोंडवाडा व्यवस्थापन व पशुकल्याण सहकारी संस्था मर्यादित’ अशी पाटी रंगवून आली. ती भिंतीवर मावेना, म्हणून फाटकाचा एक खांब हलवून फाटक अरुंद करावं लागलं. फाटकाजवळची पिराजीची खोली संस्थेचं ऑफिस झाली. ग्रामसेवक राघवेंद्ररावांनी ताबेपावती लिहिली आणि वाचून दाखवली. फाटक एक. हौद एक, गळका. विळे दोन, मोडके. बादली एक. नोकर एक.

पिराजी म्हणाला, "रावसाहेब, हौदापुढं गळका लिवलंय, विळ्यापुढं मोडके लिवलंय. माझ्यापुढं काय लिवलंय?"

राघवेंद्ररावांनी चष्मा वर करून पाहिलं. "चालू स्थितीत."

"मग ठीक हाय," पिराजी म्हणाला. "पर माझी ती अट तेवढी लिवा. मेलेलं ढोर ओढायचं न्हाय."

"ती पंचायतीशी होती. आता तू संस्थेकडं. त्यांना सांग."

पण आबाराव त्या वेळी बार्शीहून बोलावलेल्या फोटोग्राफरपुढं उभे होते. राघवेंद्ररावांनी कुठल्याशा जुन्या सरकारी नमुन्यावरून उतरवलेला करार पुढं केला. आबारावांनी क्यामेऱ्याकडं बघतच त्याच्यावर सही ठोकली. फोटो झकास आला.

दुसऱ्या दिवसापासून सातही संचालक काठ्या घेऊन निघाले. पीक नव्हतं, म्हणून त्यांनी गुन्हे नवे काढले. ओढ्याच्या कडेला पाला ओरबाडणारी म्हैस धरली, कारण ओढा सार्वजनिक. रामलिंगाच्या रानाकडं निघालेली गुरं वाटेत धरली, कारण वाटही सार्वजनिक. मालनबाई नावाची एक विधवा वस्तीच्या शेजारी राहायची. तिची कपिला गाय तिच्याच दारात बांधलेली होती, पण शेपूट रस्त्यावर येत होतं. शेपटासकट गाय आत गेली.

पिराजी सवयीनं भिंतीवर चढला आणि पहिली हाळी दिली. आबाराव आतून धावत आले. "उतर खाली! तू बोंब मारलीस की मालक लगेच येतंय. दंड दिवसावर चढतोय, तो चढू दे की!"

"अवो, पर ज्याचं ढोर त्याला कळायला नगं का?"

"कळंल की सवडीनं. आता हे पंचायतीचं काम न्हाय पिराजी, जबाबदारीनं वाग जरा."

पिराजी उतरला. जबाबदारी ती हीच असेल तर आपण चौदा वर्षं काय केलं, हे काही त्याला समजेना.

मालनबाई दिवसभर खडीवर असायची. गाय कुठं गेली हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. ती रडत, संस्थेला शिव्याशाप देत फाटकाशी आली आणि एकदम गप्प झाली. कपिला कडबा खात होती. खरा, पिवळाधमक कडबा! तिनं गायीकडं बघितलं, मग पिराजीकडं बघितलं.

"दादा, हे रोज घालतेत?"

"घालावंच लागतंय, आक्का. करारात लिवलंय म्हणं. कोंडलेल्या जनावराचा चारापाणी संस्थेकडं."

"पाणीबी?"

"दोन टाइम. टँकरनं येतंय."

मालनबाईनं पदरानं डोळे पुसले. "आसं व्हय? मग म्या उद्या येते," म्हणाली आणि गेली. उद्या काही ती आली नाही. आली ती तिची जाऊ, तिच्या शेळ्या घेऊन.

मग काय विचारता! आठ दिवसांत संचालकांना काठी घ्यायचं कामच उरलं नाही. लोक आपली ढोरं आपणच आणून सोडू लागले. एक बाई म्हैस घेऊन आली. "कुणाची हाय काय की बाई, माझ्या रानात शिरली!" म्हैस बाईचा हात चाटत होती, आणि बाईच्या रानात धसकटसुद्धा नव्हतं. हणमंतप्पानं तर कमाल केली. जागेवर नीट उभं न राहू शकणारी बैलजोडी ढकलत आणली आणि सगळ्यांदेखत ओरडला, "लई माजलीत माझी बैलं! कोंडा त्यास्नी, आजिबात दया करू नका!"

आबाराव हरखून गेले. ऐंशी जनावरं! एवढं उत्पन्न साखर कारखान्यालासुद्धा नसेल. त्यांनी पेढे वाटले आणि पिराजीलाही एक दिला. दंड चढत होता, फक्त भरायला कुणी येत नव्हतं. पंधरवडा गेला. कडब्याच्या गाड्या येत होत्या, टँकर येत होता, आणि संचालकांची तोंडं उतरत चालली होती. शेवटी आबारावांनी लिलाव पुकारला. हलगी वाजली, गाव जमलं, कुणी बोली लावेना. दुष्काळात ढोर विकत घेणं म्हणजे घोंगडं गळ्यात घेणं. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "आबाराव, तुमी किती देता ते बोला, मग आमी नेतो!"

आबाराव तणतणत राघवेंद्ररावांकडं गेले. राघवेंद्ररावांनी शांतपणे कलम वाचून दाखवलं. चारा संस्थेचा. पाणी संस्थेचं. मृत जनावराची विल्हेवाट, तीही संस्थेची.

"आन हे तुमी मला आधी का न्हाय सांगितलं?"

"आपण फोटोत होतात," राघवेंद्रराव म्हणाले.

तेव्हापासून पशुकल्याण एक वेळचं झालं. मग दिवसाआड. मग टँकरही बंद झाला. पाटी मात्र रोज पुसली जायची. पिराजी आबारावांपुढं हात जोडून उभा राहिला. "निदान पाणी तरी द्या. मुकी जनावरं हायती."

"संस्था हाय, धर्मशाळा न्हाय. ज्याची त्यानं दंड भरून न्यावीत."

मग पिराजी हुकूम मोडून भिंतीवर चढला. एकेकाचं नाव घेऊन घसा फुटेस्तोवर ओरडला. "न्या रे बाबांनो आपापली! हितं मरतील ती! ए हणमंतप्पाऽ! ए मालनआक्काऽ!" चौदा वर्षांत ही हाळी कधी वाया गेली नव्हती. त्या दिवशी कुणी दार उघडलं नाही. दंड कुणाकडं होता? आणि घरी नेऊन खायला काय घालायचं? कोंडवाड्यात निदान डोळ्याआड तरी होती.

घरी बनाबाईनं खडीवर मिळालेली सुकडी त्याच्यापुढं ठेवली. "मालक, ती जनावरं आता मरायला लागतील."

"व्हय."

"मग वढायला कुणाला सांगतील?"

पिराजीनं सुकडीचा घास खाली ठेवला. तो गेले आठ दिवस हेच मनात घेऊन हिंडत होता आणि कुणी बोलत नव्हतं म्हणून त्यालाही बोलावं लागत नव्हतं. "मला," तो म्हणाला. "मलाच सांगतील."

"आन नोकरी?"

"त्येच तर हाय ना!"

तिसऱ्या दिवशी सकाळी हणमंतप्पाचा एक बैल उठलाच नाही. हणमंतप्पाला बोलावलं. त्यानं लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "त्यो माझा न्हवंच." हाडांच्या ठेकेदाराला निरोप गेला. त्यानं उलटा निरोप पाठवला, गावोगाव ढोरं पडलीत, ट्रक आत येणार नाही, हमरस्त्याला आणून टाका. आबाराव नाकाला रुमाल लावून ऑफिसच्या पायरीवर आले. "पिराजी, दोर घे. येवढं रस्त्यापतोर वढून टाक."

"न्हाय वढणार."

"काय?"

"मेलेलं वढणार न्हाय म्हणून नोकरी धरतानाच सांगितलंय, भर सभेत. तुमीबी हुता तवा तिथं. हसला हुता."

"ते पंचायतीचं. आता तू संस्थेचा नोकर. नोकरीत सगळं येतंय. तुझ्या बापजाद्यांनी न्हाय का वढली?"

राग आला की पिराजीची जीभ जड व्हायची. पण त्या दिवशी शब्द नीट आले. "वढली. माझ्या बापानं जल्मभर वढली आन खांद्याचं हाड मोडून मेला. तवा तुमच्या वडलांनी त्येला पाणीबी वरून घातलं. म्या वढणार न्हाय. करारात विल्हेवाट संस्थेची म्हणून लिवलंय न्हवं? मग संस्थेला सांगा."

"संस्था म्हंजी कोण? तूच की!"

"म्या?" पिराजी म्हणाला. "म्या बादलीच्या खाली लिवलेला हाय. संस्था तुमी सात जण हाव."

"मग आत्ताच्या आत्ता चालू लाग!"

"जातो. पर जितं जनावर माझ्या हवाली हाय, त्येचं बघून जातो." एवढं बोलून पिराजीनं फाटकाचा अडसर काढला आणि फाटक सताड उघडलं. आबाराव "आरं आरं" करीत पुढं झाले, पण अरुंद फाटकातून उरलेल्या जनावरांचा लोंढा आला आणि त्यांना पायरीवरून ऑफिसात उडी मारावी लागली. भर दुपारी, गावाच्या मधोमध, ती हाडं-कातडी आपापल्या वाटेनं निघाली. कुणी हाकललं नाही, कुणी वाट दाखवली नाही. प्रत्येक ढोर आपल्याच दारात जाऊन उभं राहिलं आणि हंबरलं.

गावानं पिराजीला आशीर्वाद दिला असेल असं तुम्हाला वाटलं का? छे! शिव्यांचा पाऊस पडला. तेवढाच काय तो त्या सालचा पाऊस. "कुणाला विचारून सोडलीस रे? आता काय तुझं हाड घालू तिला?" ज्या बाईची म्हैस तिच्या रानात शिरली होती, ती सगळ्यांत जोरानं ओरडत होती. पिराजीनं ऐकून घेतलं. त्याला सवय होती. मालनबाई मात्र ओरडली नाही. ती कपिलाच्या गळ्यात हात टाकून दारात बसली होती.

"दादा, हिला आता काय घालू म्या?"

"लिंबाचा पाला काढून देतो, आक्का," पिराजी म्हणाला. "तितकं माझ्या हातात हाय." आणि ऊन उतरेपर्यंत तो पाला काढत राहिला.

बैल तिथंच होता. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या ऑफिसात बसवेना. तिसऱ्या दिवशी सरपंचांच्या वाड्यापर्यंत वास गेला. वस्तीतल्या दुसऱ्या कुणाला पैसे देऊन बघितलं, कुणी तयार होईना. शेजारच्या दोन गावांतून निरोप आले, आमच्याकडंही कुणी ओढत नाही, तुमच्याकडं कुणी मिळालं तर आमच्याकडं पाठवा. शेवटी संचालक मंडळाची तातडीची सभा चिंचेखाली, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसली. रीतसर ठराव झाला. सूचक आबाराव, अनुमोदक त्यांचे चुलतभाऊ. मृत बैलाची विल्हेवाट संचालकांनी श्रमदानानं लावावी. सर्वानुमते मंजूर.

चौथ्या दिवशी सकाळी बोरगव्हाणात जत्रेला नव्हती एवढी गर्दी कोंडवाड्याशी जमली. सातही संचालक, पांढरी धोतरं खोचून, फेट्यांची टोकं नाकावर बांधून आत गेले. दोर बांधला आणि ओढायला लागले. बैल जागचा हलेना. मग थोडा हलला तर फाटकात अडकला. पाटीसाठी अरुंद केलेलं फाटक ते. संचालक घसरत होते, एकमेकांवर पडत होते. गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. वस्तीतली माणसं लांब उभी होती. ती हसत नव्हती.

पिराजी खडीच्या कामावर निघाला होता. आता बनाबाईबरोबर तोही तिथंच जाणार होता. गर्दी पाहून तो थांबला. दोर कुठं बांधलाय हे त्याला लांबूनच दिसलं. बायकोनं त्याचा हात धरला, पण तो पुढं झाला आणि फाटकापासून चार हातांवर उभा राहिला. एक पाऊल जवळ गेला नाही.

"आबाराव," तो म्हणाला, "शिंगाला बांधून वढू नका. शिंगं अडकत्यात. मागल्या पायास्नी बांधा. आन समद्यांचा पाय एकदम पडू द्या."

आबारावांनी वर पाहिलं. ते काहीतरी बोलणार होते, पण तोंड उघडायची सोय नव्हती. त्यांनी दोर सोडला आणि मागच्या पायांना बांधला. सात पाय एकदम पडले. बैल फाटकातून निघाला.

"आन वढून झाल्यावर," पिराजी म्हणाला, "परत येताना रस्त्याच्या कडेनं या. आडाकडं जाऊ नका. कुणाला शिवू नका. आमाला तसंच सांगायचे."

पिराजी वळला आणि बनाबाईबरोबर येडशीच्या रस्त्याला लागला. हजेरी घ्यायची वेळ झाली होती.